६५ इंची टीव्ही घ्यायचाय, पिक्चर पण बघायचे आणि पीएस५ पण खेळायचा, मधल्या बजेटमध्ये नक्की काय बघून घ्यावं?

सोफासम्राट

मंडळी मदत करा, डोकं चालेनासं झालंय. हॉलमधला ४३ इंची बेडरूममध्ये जाणार आणि त्याच्या जागी ६५ यायचाय. बजेट मधलं, म्हणजे अगदी सगळ्यात स्वस्त नको पण ओएलईडीच्या वाटेला जायचं नाही. वापर सांगतो, संध्याकाळी घरातले सगळे मिळून सिरीज नाहीतर पिक्चर, सुट्टीला मॅच, आणि सगळे झोपायला गेले की मी आणि माझा पीएस५. गाड्यांचे गेम जास्त, अधूनमधून शूटिंगचे. ऑनलाइन जिंकायचंच असलं काही नाही पण १२० एफपीएस १२० एफपीएस (म्हणजे सेकंदाला १२० फ्रेम) म्हणून सगळे जे ओरडत असतात ते एकदा आपल्या डोळ्यांनी बघायचंय.

दोन मॉडेलवर येऊन अडकलोय, नावं मुद्दाम देत नाही कारण मग धागा कंपन्यांच्या भांडणात जातो आणि माझा प्रश्न तिथेच राहतो. पहिला एकदम पातळ, क्यूएलईडी, डॉल्बी व्हिजन आहे, गूगल टीव्ही आहे, एचडीएमआय तीन, बॉक्सवर मोठ्ठं १२० लिहिलंय पण वेबसाइटवर खाली बारीक अक्षरात पॅनल ६० हर्ट्झ, म्हणजे पडदा सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलतो. दुसरा मिनी एलईडी, १४४ हर्ट्झ, लोकल डिमिंग, एचडीएमआय चार त्यातले दोन २.१, पण जाडजूड आहे आणि सॉफ्टवेअर कंपनीचं स्वतःचं, लोक म्हणतायत मेनू रेंगाळतो. दुसरा जरा महाग पण आवाक्याबाहेर नाही. सोफा ते भिंत ९ फूट, बाजूच्या भिंतीला मोठी खिडकी, आणि एक खुर्ची कायम कडेला असते, आई तिथूनच बघते, जागा बदलणार नाही.

निट्स, झोन, क्वांटम डॉट, एमईएमसी, एएलएलएम, व्हीआरआर, यातलं खरं काय आणि नुसती स्टिकरबाजी काय? ज्यांनी वापरलंय त्यांनी सांगा, प्लीज.

अंधारखोली

क्यूएलईडी या शब्दावर भाळू नका एवढं आधी सांगतो. क्वांटम डॉट म्हणजे बॅकलाइटच्या पुढे लावलेली एक फिल्म, निळ्या एलईडीच्या उजेडातून ती स्वच्छ लाल आणि हिरवा काढून देते त्यामुळे रंग भरलेले दिसतात. चांगली गोष्ट आहे, नाही म्हणत नाही. पण मागचे दिवे कुठे लावलेत, किती लावलेत आणि ते वेगवेगळे मंद होतात का, याबद्दल तो शब्द एक अक्षर सांगत नाही. आणि चित्राचा निम्मा जीव तिथेच असतो.

एलसीडी पॅनल स्वतः उजेड देत नाही, मागचा उजेड अडवायचं काम करतं, आणि पूर्ण अडवू शकत नाही. म्हणून काळा हा काळा न दिसता राखाडी दिसतो. लोकल डिमिंग नसेल तर घरातले सगळे दिवे एकाच बटणावर असल्यासारखं होतं, एका खोलीत उजेड हवा म्हणून सगळं घर उजळायचं. झोन असले की त्या त्या भागातला दिवा मंद करता येतो. आता पातळ टीव्हीत बहुतेक वेळा दिवे फक्त कडेला असतात, तिथे खरं डिमिंग होतच नाही, झालंच तर आख्खी उभी पट्टी वरखाली होते आणि ते डोळ्याला जास्त खुपतं. जाड टीव्ही जाड का असतो तर दिवे पॅनलच्या मागे पसरलेले असतात म्हणून, मिनी एलईडीत तर ते बारीक आणि पुष्कळ. भिंतीवर लावल्यावर जाडी कोण बघतं हो.

एचडीआरचं, म्हणजे जास्त चमक आणि जास्त रंगांच्या चित्राचं, पण तसंच. बॉक्सवर एचडीआर लिहिलंय याचा अर्थ टीव्हीला तो सिग्नल कळतो एवढाच. बराचसा एचडीआर कंटेंट १००० निट्स (निट म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप) धरून बनवलेला असतो आणि स्वस्तातले टीव्ही ३००-४०० च्या आसपास दम सोडतात, मग चमक दाबून बसवावी लागते आणि कधीकधी एचडीआर साध्यापेक्षा अंधारा दिसतो, लोक म्हणतात टीव्ही खराब आहे. डॉल्बी व्हिजनमध्ये प्रत्येक सीनची माहिती वेगळी येते त्यामुळे कमी उजेडाचा टीव्ही जरा शहाणपणाने दाबतो, पण नसलेला उजेड ते कुठून आणणार. सॅमसंग तर डॉल्बी व्हिजन देतच नाही, एचडीआर१०प्लसवर चालवतात, आणि त्यांचे टीव्ही काय कोणी बघत नाही असं नाही.

तुमच्या दोघांत मी डोळे मिटून दुसरा म्हणेन, फक्त आईची खुर्ची सोडून. व्हीए पॅनल असेल तर समोरून काळा मस्त, कॉन्ट्रास्ट ३००० ते ६००० ला एक असा असतो, पण कडेने बघितलं की रंग धुतल्यासारखे फिके. आयपीएस कडेने चांगला पण कॉन्ट्रास्ट १००० च्या आसपास, म्हणजे रात्री काळोखात राखाडी पडदा. मिनी एलईडी असलं तरी पॅनल यातलंच एक असतं, ते कोणतं हे कंपनी सहसा लिहीत नाही, आणि एकाच मॉडेलच्या ५५ आणि ६५ मध्ये पण वेगळं निघू शकतं. तेव्हा दुकानात कडेला उभं राहून बघा, रिव्ह्यूवर जाऊ नका.

बटणदाब्या

वरती पिक्चरचं सगळं आलं, मी फक्त गेमचं बोलतो.

तो जो १२० आहे ना पहिल्या टीव्हीवर, तो दोन प्रकारचा असू शकतो. एक म्हणजे एमईएमसी, टीव्ही स्वतः मधल्या फ्रेम कल्पनेने बनवून घालतो, गेममध्ये याचा शून्य उपयोग कारण त्याला वेळ लागतो आणि गेम मोडमध्ये ते बंदच होतं (आणि झालंच पाहिजे). दुसरा प्रकार जरा फसवा, त्याला डीएलजी म्हणतात, ६० हर्ट्झचं पॅनल एका वेळी दोन ओळी एकदम रंगवतं, मग वेग दुप्पट होतो पण उभं रिझोल्यूशन निम्मं. टीव्ही १२० घेतो हे खोटं नाही, हालचाल पण खरंच मऊ होते, पण ते ४के १२० नाही. गाड्यांच्या गेममध्ये लांबच्या वळणावरचे बोर्ड, कुंपणं, बारीक रेघा सगळं दातेरी दिसतं. बॉक्सवर १२० बघायचं नाही, "नेटिव्ह" किंवा पॅनलचा रिफ्रेश रेट असं कुठे लिहिलंय का ते शोधायचं. तुम्ही शोधलंच आहे, ६० आहे, विषय संपला.

मग पोर्ट. एचडीएमआय २.० ची पाइप १८ जीबीपीएस, त्यातून ४के ६० पर्यंतच नीट जातं. २.१ ची जास्तीत जास्त ४८, पण नुसतं २.१ लिहिलंय म्हणून ४८ मिळेल असं नाही, त्या नावाखाली काही फीचर ऐच्छिक आहेत आणि कंपन्या त्याचा पुरेपूर फायदा घेतात. म्हणून आकडा नाही, "४के १२०, व्हीआरआर, एएलएलएम" हे तीन शब्द त्या पोर्टसमोर स्पष्ट लिहिलेत का ते बघा. पीएस५ तसाही ३२ जीबीपीएसच्या वर पाठवत नाही त्यामुळे ४८ चा हट्ट धरायचं कारण नाही.

एएलएलएम म्हणजे कन्सोल चालू झाला की टीव्ही आपोआप गेम मोडमध्ये जातो, सोय आहे, नसलं तर रिमोटने करायचं. व्हीआरआर मात्र खरा उपयोगी. गेम १२० वरून ९५, ८०, १०२ असा हेलकावे खात असतो तेव्हा पडदा त्याच्या मागे मागे जातो, चित्र फाटत नाही. पीएस५ ला हे एप्रिल २०२२ च्या अपडेटने मिळालं आणि त्याची रेंज ४८ ते १२० आहे, त्यामुळे १४४ चा तुम्हाला काही उपयोग नाही, ते पीसीवाल्यांसाठी. आणि पीएस५ गेममध्ये डॉल्बी व्हिजन देत नाही हे पण लक्षात ठेवा, ते एक्सबॉक्स सिरीजवाले देतात. म्हणजे पहिल्या टीव्हीचा तो स्टिकर रात्री तुमच्या कामाचा नाही.

इनपुट लॅग, म्हणजे बटण दाबल्यापासून पडद्यावर दिसेपर्यंतचा उशीर, गेम मोडमध्ये आजकालचे बहुतेक टीव्ही ६० हर्ट्झला १० ते १५ मिलिसेकंद देतात, १२० ला त्याच्या निम्म्याच्या आसपास, आणि गेम मोडच्या बाहेर हाच आकडा शंभरच्या पण पुढे जाऊ शकतो. ६० एफपीएसला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदाची असते म्हणजे तुम्ही ब्रेक दाबल्यावर गाडी सहा फ्रेम उशिरा ऐकणार. गेम मोड चालू करा, बाकी सगळं नंतर.

एक तपासायचं राहिलं, काही मधल्या टीव्हीत गेम मोड किंवा व्हीआरआर लावला की लोकल डिमिंग ढिलं पडतं नाहीतर बंदच होतं. मिनी एलईडीचे पैसे देऊन गेममध्ये राखाडी काळा, ही खरी चिडचिड. माझ्याकडे आधी एक होता त्यात अंधाऱ्या लोडिंग स्क्रीनवर व्हीआरआरमुळे उजेड लुकलुकायचा पण. घ्यायच्या आधी त्याच मॉडेलवर कोणी गेम खेळतानाचा रिव्ह्यू केलाय का ते नक्की बघा.

जागा_मोजा

९ फुटाला ६५ का? ७५ घ्या.

६५ ची रुंदी १४४ सेंटिमीटर. ९ फुटांवरून तो तुमच्या नजरेत ३० अंशाला जेमतेम भरतो, आणि ३० ही सिनेमाच्या हिशोबात कमीत कमीची शिफारस आहे. थिएटरसारखं ४० अंश पाहिजे तर ६५ समोर साडेसहा फुटांवर बसायला लागेल. ७५ घेतला तर ९ फुटांवरून ३४ च्या आसपास. ४के आहे, पिक्सेल दिसायची भीती नाही.

आणि टीव्हीचे पाय मोजा. हल्ली दोन पाय दोन टोकांना असतात, खालचं कपाट आखूड असलं की टीव्ही हवेत. भिंतीवर लावणार असाल तर मधोमध डोळ्यांच्या रेषेत, छताला टांगल्यासारखा नको.

मधलाच_बरा

सगळे मिळून दुसऱ्याकडे ढकलताय म्हणून उलट बाजू मांडतो. मी ६० हर्ट्झवरच खेळतो आणि सुखी आहे. पीएस५ चे मोठे गेम बघा, बहुतेकांत क्वालिटीला ३० आणि परफॉर्मन्सला ६०. १२० देणारे आहेत पण थोडे, आणि ते पण चित्राची क्वालिटी कमी करून देतात. "एकदा तरी बघायचंय" यासाठी जास्त पैसे घालायचे का हा विचार करा. घरातले पाच जण संध्याकाळी जे बघणार त्यात १२० कुठेच नाही.

शिवाय पातळ टीव्ही, ओळखीचं सॉफ्टवेअर, सगळी ॲप असतात, आई रिमोट घेऊन स्वतः लावू शकते. हे पण टीव्ही चांगला असण्यातच येतं ना? रेंगाळणारा मेनू रोज दिसतो, ब्लूमिंग, म्हणजे उजळ गोष्टीभोवती पसरणारा उजेड, महिन्यातून एकदा दिसतं.

बटणदाब्या

@मधलाच_बरा मुद्दा मान्य, १२० वाले गेम थोडेच आहेत. पण १२० पॅनलचा फायदा फक्त १२० एफपीएसला नाही. काही गेममध्ये ४० एफपीएसचा मोड असतो, तो फक्त १२० च्या पडद्यावर चालू होतो कारण १२० ला ४० ने नीट भाग जातो, ६० ला जात नाही. ऐकायला ३० आणि ४० मध्ये काय एवढं वाटतं पण फ्रेमचा वेळ बघा, ३० ला ३३.३ मिलिसेकंद, ६० ला १६.७, आणि ४० ला २५, म्हणजे बरोब्बर मध्यावर. क्वालिटी मोडचं चित्र आणि अर्ध्या रस्त्यापर्यंतची स्मूदनेस. मी तर जिथे मिळतो तिथे तोच लावतो.

आणि पिक्चरला उपयोग नाही हे तर अजिबात खरं नाही, पण ते अंधारखोली सांगतील, त्यांचा आवडता विषय आहे :)

उशिरा_झोपणारी

मेनू रेंगाळतो म्हणून टीव्ही नाकारू नका, मधल्या बजेटमधला जवळजवळ प्रत्येक टीव्ही दोनतीन वर्षांत रेंगाळतो. आत मोबाइलपेक्षा जुनाट प्रोसेसर आणि २ नाहीतर ३ जीबी रॅम, पहिल्या दिवशी पळतो मग प्रत्येक अपडेटला जड होत जातो. पॅनल बदलता येत नाही, स्मार्टपणा बदलता येतो, एक स्ट्रीमिंग स्टिक नाहीतर बॉक्स मागे खोचला की झालं, आणि तो पुढे परत बदलता येतो. आईला पण मग तोच रिमोट, तोच स्क्रीन, टीव्ही कुठल्याही कंपनीचा असला तरी. आमच्याकडे असंच चालतं, टीव्हीचं स्वतःचं होमपेज मी शेवटचं कधी बघितलं आठवत नाही.

एवढंच बघा की स्टिकला पण एक एचडीएमआय लागतो, म्हणजे पीएस५, साउंडबार, स्टिक, आणि सेट टॉप बॉक्स असला तर तो, चारही भरले. तीन पोर्टवाल्या पहिल्या टीव्हीचं इथेच अवघड होतं.

नेटवर्कचा एक विनोद आहे, बऱ्याच टीव्हींना लॅनचा पोर्ट अजून १०० एमबीपीएसचाच असतो. स्ट्रीमिंगला चालतो, नेटफ्लिक्स ४के साठी १५ मागतं. पण घरच्या सर्व्हरवरून ४के ब्लूरेच्या मूळ फाइल चालवत असाल तर त्या मधेच १०० च्या वर उसळतात आणि गोल फिरायला लागतं, तिथे ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वायरपेक्षा बरं पडतं. मी किती दिवस राउटरला शिव्या दिल्या असतील!

आणि पहिल्यांदा चालू कराल तेव्हा सगळ्याला ॲग्री ॲग्री दाबत जाऊ नका. एसीआर नावाचा प्रकार असतो, पडद्यावर काय चाललंय त्याचे ठसे घेऊन टीव्ही कंपनीला कळवतो, एचडीएमआयवरून येतंय ते पण. २०१७ मध्ये अमेरिकेत व्हिजिओ कंपनीने याच कारणावरून २२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं होतं, १ कोटी १० लाख टीव्हींमधून लोकांना न विचारता माहिती घेतली म्हणून. आता विचारतात, पण अशा भाषेत की कोणी वाचू नये. सेटिंगमध्ये "व्ह्यूइंग डेटा" किंवा तत्सम नावाने सापडेल, बंद करून टाका.

सोफासम्राट

बापरे, एवढं सगळं! सगळ्यांचे आभार.

काल दुकानात जाऊन दोन्ही शेजारी शेजारी बघून आलो. आणि खरं सांगू का, तिथे पहिलाच जास्त भारी वाटला, रंग कसले उठून दिसत होते, दुसरा त्याच्यासमोर जरा मवाळ. बायको पण पहिलाच म्हणाली. कडेला उभं राहून बघितलं, दुसरा थोडा फिका होतो पण आईच्या खुर्चीइतक्या कोनातून चालेल असं वाटतंय. ७५ चं घरात काढून बघितलं, विषय जिथे सुरू झाला तिथेच संपवण्यात आला.

अजून दोन शंका. दुकानात बघून काही कळतं का मुळात? आणि साउंडबार आहे माझ्याकडे, तो ईएआरसीवर (टीव्हीचा आवाज साउंडबारला पाठवणारा एचडीएमआय) लावायचा, तर दुसऱ्या टीव्हीत ईएआरसी लिहिलेला पोर्ट हा त्या दोन २.१ मधलाच एक आहे. मग पीएस५ ला काय उरलं?

अंधारखोली

दुकानातलं चित्र हे दुकानासाठी असतं. टीव्ही तिथे स्टोअर मोडवर असतो, ब्राइटनेस फुल, रंग फुल, पांढरा निळसर, कारण वरच्या ट्यूबलाइटमध्ये तोच उठून दिसतो. वर जे व्हिडिओ चालू असतात ते पण कंपनीचेच, फुलं आणि पोपट आणि काळ्या पार्श्वभूमीवर सांडणारे रंग, त्यात एकाही माणसाचा चेहरा नसतो हे कधी बघितलंय का? चेहरा लावला की लगेच कळतं.

तेव्हा परत जाणार असाल तर पेनड्राइव्हवर आपल्या ओळखीचे दोनतीन तुकडे न्या. विक्रेत्याला मोड बदलून मूव्ही किंवा फिल्ममेकर मोडवर टाकायला सांगा, दोन्हीचा. फिल्ममेकर मोड यूएचडी अलायन्सने २०१९ मध्ये जाहीर केला, एका बटणात टीव्हीची सगळी स्वतःची कलाकारी बंद होते आणि पांढरा ६५०० केल्विनच्या आसपास येतो. पहिले दहा मिनिटं पिवळट वाटेल, डोळे सरावले की मग तो निळा बघवत नाही. तुकड्यांमध्ये एक रात्रीचा सीन हवा सबटायटल्ससकट, काळ्यावर पांढरी अक्षरं आली की त्यांच्याभोवती धुकं किती पसरतं ते बघा, तेच ब्लूमिंग. दुसरा तुकडा मॅचचा, कॅमेरा हिरव्या मैदानावरून आडवा फिरतो तो. त्यात मैदानावर मळकट डाग किंवा उभे पट्टे जागचे न हलता दिसले तर पॅनल सारखं नाही. मोठ्या पडद्यांना हा रोग थोडाफार असतोच, आणि तो प्रत्येक नगाला वेगळा असतो, म्हणून दुकानातला चांगला निघाला तरी घरी आलेला पहिल्याच आठवड्यात परत तपासायचा, परत करायची मुदत संपायच्या आत. युट्यूबवर नुसत्या राखाडी रंगाचे व्हिडिओ मिळतात, एक लावून पाच मिनिटं बघा. नंतर मात्र परत कधी लावू नका, एकदा डाग शोधायची सवय लागली की पिक्चर बाजूला राहतो.

खिडकी बाजूच्या भिंतीला आहे हे बरं आहे, समोर असती तर आरशासारखी दिसली असती. तरी दुपारच्या मॅचला उजेड लढवावा लागणार आणि तिथे मिनी एलईडीची ताकदच कामाला येते, पहिला टीव्ही दुकानात भारी वाटला कारण रंग वाढवलेले होते, उजेड नाही.

बटणदाब्यांनी बोट दाखवलंच आहे तर १२० आणि पिक्चरचं पण सांगून टाकतो. सिनेमा २४ फ्रेमचा असतो. ६० च्या पडद्यावर २४ बसत नाही, म्हणून एक फ्रेम तीनदा, पुढची दोनदा, परत तीनदा असं दाखवतात, आणि कॅमेरा सावकाश आडवा फिरताना ते अडखळणं दिसतं. काही ६० वाले टीव्ही पडदाच ४८ नाहीतर २४ च्या पटीत नेतात आणि वाचतात, सगळे नाही. १२० ला प्रत्येक फ्रेम पाच वेळा, हिशोब चोख. हे अडखळणं लपवायला लोक मोशन स्मूदिंग चालू ठेवतात आणि मग दोन कोटींचा सेट पण शेजारच्यांनी लग्नाचं शूटिंग केल्यासारखा दिसतो. मॅचला हवं तर ठेवा, पिक्चरला बंद.

बटणदाब्या

पोर्टचं घाबरू नका. मधल्या टीव्हीत हे अगदी नेहमीचं आहे, आतली चिप दोनच पूर्ण वेगाचे पोर्ट देते आणि त्यातला एक ईएआरसीवाला असतो. तुमच्याकडे कन्सोल एकच, म्हणजे साउंडबार ईएआरसीवर, पीएस५ दुसऱ्या २.१ वर, स्टिक उरलेल्या साध्यावर. अडचण दोन कन्सोलवाल्यांना येते. पीएस५ साउंडबारमधून टीव्हीला न्यायचा विचार करू नका, साउंडबारच्या पोर्टने ४के १२० सोडलंच नाही तर सगळी मेहनत पाण्यात.

घरी आल्यावर एक गोष्ट विसरू नका, टीव्हीत प्रत्येक एचडीएमआय पोर्टचं वेगळं सेटिंग असतं, कुठे त्याला एन्हान्स्ड म्हणतात, कुठे डीप कलर, कुठे सिग्नल प्लस, कुठे सरळ २.१. बऱ्याच टीव्हींत ते मुळात बंद असतं. ते चालू केल्याशिवाय पीएस५ ला टीव्ही १२० वाला आहे हे कळतच नाही. नंतर पीएस५ च्या स्क्रीन अँड व्हिडिओमध्ये व्हिडिओ आउटपुट इन्फर्मेशन नावाचं पान आहे, तिथे १२० आणि व्हीआरआर दिसायला पाहिजे. गेम प्रीसेट्समध्ये परफॉर्मन्स मोड. आणि एचडीआर ॲडजस्ट करायच्या स्क्रीनवर चिन्ह जेमतेम दिसेनासं होईपर्यंत, टीव्हीत एचजीआयजीचा (चमक दाबायचं काम टीव्हीने न करता गेमवर सोडायचं) पर्याय असेल तर आधी तो लावून. नाहीतर टीव्ही पण चमक दाबतो, गेम पण दाबतो, सूर्य ढगात.

वायरींचा_गुंता

मधेच घुसतोय, कोणी लॅपटॉप किंवा पीसी लावणार असेल तर इनपुटचं नाव किंवा चिन्ह बदलून पीसी करा, बऱ्याच टीव्हींत त्याशिवाय ४:४:४ (प्रत्येक पिक्सेलला रंगाची पूर्ण माहिती) चालू होत नाही आणि लाल निळी अक्षरं कडेने रंग फुटल्यासारखी दिसतात. ते करूनही अक्षरं विचित्र दिसली तर पॅनल बीजीआर असू शकतं, म्हणजे सबपिक्सेल उलट्या क्रमाने. गेम आणि पिक्चरला फरक पडत नाही, एक्सेल उघडलं की पडतो.

सोफासम्राट

मी फक्त पीएस५ लावणार आहे, एक्सेल ऑफिसातच राहू दे :)

परत जाऊन आलो पेनड्राइव्ह घेऊन. मूव्ही मोड लावल्यावर पहिल्याची हवाच गेली, रात्रीच्या सीनमध्ये सगळीकडे राखाडी धुरळा. दुसऱ्यात सबटायटल्सभोवती थोडं धुकं आहे पण चालण्यासारखं. व्हीआरआरमध्ये डिमिंग चालू राहतं का याचा एक रिव्ह्यू सापडला, चालू राहतं म्हणतोय, फक्त जरा हळू होतं. बायकोला दोन्ही परत दाखवले, ती म्हणाली मग आधी पहिला का आवडला मला. दुसरा बुक केला, शनिवारी येईल. सोबत स्टिक पण घेतली.

आता वायर. दुकानदार वेगळी अल्ट्रा हाय स्पीड वायर घ्यायलाच पाहिजे म्हणतोय, घ्यायची का?

बटणदाब्या

नको. पीएस५ च्या बॉक्समध्ये जी आली होती तीच त्या कामाची आहे, फक्त जुन्या टीव्हीच्या मागे राहिली असेल तर काढून आणा आणि दुसरी कुठलीतरी ड्रॉवरमधली जाड दिसते म्हणून लावू नका. भिंतीतून लांब न्यायची असेल तरच नवीन घ्या, तेव्हा पाकिटावर अल्ट्रा हाय स्पीडचं क्यूआर असलेलं लेबल बघा, स्कॅन करता येतं. दोनतीन मीटरच्या पुढे गेलात की काळा पडदा एकेक सेकंद येऊन जायला लागू शकतो आणि माणूस टीव्हीला दोष देत बसतो.